बिडीभर शिव्या

कारेगावात खोली बघायला मी गेलो, तेव्हा घरमालकीण अंगणात उभी राहून नवऱ्यावर भांडी फेकत होती. आधी तांब्या आला, मग झाकणी, मग पळी. नवरा, म्हणजे आप्पा, पाण्याच्या हौदाआड बसले होते आणि पडलेली एकेक वस्तू उचलून शेजारी नीट रचून ठेवत होते. एक पितळी डबा माझ्या गुडघ्यावर बसला, तेव्हा कुठं बाईंचं लक्ष माझ्याकडं गेलं. "खोली पायजे व्हय? बिडी-सिगरेट वडतो का?" मी नाही म्हणालो. गुडघा असा ठणकत होता की त्या क्षणी मी कशालाही नाही म्हणालो असतो. "मग ये. आन् तो डबा हिकडं दे." मी डबा दिला, तिनं तो हौदाच्या दिशेनं भिरकावला, आणि आमचा सौदा पक्का झाला.

तिला सगळे दणकामावशी म्हणायचे. घराच्या एका बाजूला तिचं मिरची कांडप होतं. उन्हाळा तोंडावर आला की ते यंत्र दिवसभर दणदणायचं आणि सगळी गल्ली शिंकत शिंकत स्वयंपाक करायची. दणका यंत्राचा की बाईचा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बुटकी, रुंद, पदर कमरेला खोचलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक. शेजारच्या खोलीत गुड्डू नावाचा उत्तर प्रदेशातला एक वेल्डर राहायचा. तो पाठ चोळत म्हणायचा, "मौसी का हाथ नहीं है भाई, हथौड़ा है." मावशीनं मारताना कधी भेदभाव केला नाही. भाडेकरू, वायरमन, तोंड घालणारी गाय, आगाऊ पाहुणा, सगळ्यांना एकच माप. मला स्वतःला राग यायला थोडा वेळ लागतो, मग तो मी आठवडाभर पुरवून वापरतो. तिचा राग ताजा असायचा आणि जागच्या जागी संपायचा.

आप्पा अगदी उलटे. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांना जिवावर यायचं. जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, त्याच्या खोल्या झाल्या, बसून खायची सोय झाली; पण आप्पा हाडाचे गुळव्या. दौंड तालुक्यात, चौफुल्याच्या अलीकडं एका गुऱ्हाळावर ते ऐन जवानीपासून रस उकळायच्या काहिलीपाशी उभे राहत आले होते. उसाचा रस कधी उतरवायचा हे ठरवणारा तो गुळव्या. त्यांनी उतरवलेला गूळ खाऊन लोक त्यांना हुडकत घरी यायचे. आयुष्यात माणसावर काय, बैलावरही हात उगारला नसेल. व्यसन एकच, बिडी. ती मात्र अशी की एक विझायच्या आत दुसरी तिच्यावरच पेटायची.

मावशीची लढाई होती ती या बिडीशी. आप्पा मधे उभे असायचे म्हणून मार त्यांना बसायचा. एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. कितीही संतापली तरी नवऱ्याला तिनं कधी अरेतुरे केलं नाही. "मुडदा बशिवला तुमचा!" "तुमच्या तोंडाला किडं पडलं!" "तळपट झालं तुमचं!" असा सगळा मानपान सांभाळून उद्धार चालायचा.

मी राहायला गेलो त्याच वर्षी आप्पांच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली. शिरूरच्या डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि मावशीला समोर बसवून सांगितलं, की बिडीनं पायाच्या रक्ताच्या नळ्या बंद पडत चालल्यात. बिडी थांबली तर पाय राहील, नाहीतर पुढच्या वेळी घोट्यापासून काढावा लागेल. मावशी एस.टी.नं घरी आली, चप्पल न काढता तशीच चौकातल्या टपरीवर गेली आणि म्हणाली, "हितनं फुडं आमच्या मालकास्नी बिडी दिलीस तर टपरी ठिवनार न्हाई." टपरीवाला हसला. त्यानं हसायला नको होतं. तिनं खांदा लावला आणि टपरी बरण्यांसकट गटारीत आडवी केली. बाकीच्या टपऱ्यांवर तिला जावंही लागलं नाही.

मग आप्पा गुड्डूकडून चोरून मागवायला लागले. मावशीला बंडल सापडलं. तिनं ते फेकलं नाही. त्यातली एकेक बिडी उसवून आत तिखटाची चिमूट भरली, परत दोरा बांधला आणि होतं तिथं ठेवून दिलं. त्या संध्याकाळी आप्पांचे डोळे असे सुजले की त्यांना हाताला धरून जेवायला बसवावं लागलं. आणि गंमत बघा, ती बिडी त्यांनी अर्धी विझवली नव्हती. ठसकत, रडत, पण थोटकापर्यंत ओढली होती. मावशी ते थोटूक हातात घेऊन किती तरी वेळ बघत बसली. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण आपल्या मनगटाच्या पलीकडचं आहे.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. करंगळीची जखम अजून ओली होती, पट्टी रोज बदलावी लागत होती, आणि एक दिवस मी कंपनीतली पहिली पाळी करून आलो तर संडासाच्या दारावरून धूर निघत होता. मावशीनं कडी उपटली. आप्पांना दंडाला धरून अंगणात आणलं, सरपण फोडायच्या ओंडक्यापुढं बसवलं आणि घरातून कुऱ्हाड घेऊन आली.

"ठेवा पाय," ती म्हणाली.

"अगं..."

"ठेवा म्हनते ना! डागदर हप्त्याहप्त्यानं कापनार. आज बोट, उद्या पाऊल, परवा गुडगा. मी एकदाच मोकळं करते."

आप्पांनी पाय उचलला आणि ओंडक्यावर ठेवला. पांढऱ्या पट्टीचा पाय. वाद नाही, विनवणी नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. ते तिच्याकडं बघत राहिले. नवऱ्याला मारणाऱ्या बाईवर हसायची आपल्याला सवय असते, आणि मीही तोवर पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही. मी आणि गुड्डू दोघंही जागचे हललो नाही, इतकी त्या बाईची भीती वाटली. कुऱ्हाड वर गेली आणि खाली आली. पावलापासून वीतभर अंतरावर ती ओंडक्यात रुतली. तिनं दांडा सोडला आणि दोन्ही मुठींनी स्वतःचं कपाळ बडवायला सुरुवात केली. एकेक फटका असा की आम्ही दोघांनी एकेक हात धरला तरी आवरेना. "मला तुमी सगळं पायजे!" ती ओरडत होती. "सगळं! नखासकट!"

आप्पांनी त्या दिवसानंतर घरात बिडी पेटवली नाही. घराबाहेर मात्र एखादी चालायची.

पट्टीसाठी शिरूरला जाणं चालूच होतं. तिथं व्यसन सुटावं म्हणून बोलायला एक मॅडम असायच्या. नुकतीच शिकून आलेली गोड मुलगी. तिनं आप्पांना विचारलं, "घरचं वातावरण कसं आहे?" आप्पा म्हणाले, "गरम असतंय." मग तिनं मावशीला समजावलं, की चिडायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, तलफ आली की बडीशेप द्यायची, कौतुक करायचं.

"म्हंजी मारायचं न्हाई?" मावशीनं विचारलं.

"नाही मावशी."

"शिवी?"

"तीही नाही."

"मग मी करायचं तरी काय?"

"त्यांना साथ द्यायची."

हे सगळं मावशीनं मला घरी आल्यावर सांगितलं, ओट्यावर पाय आपटत. "साथ द्या म्हनं! मग आजपत्तुर मी काय भजन करत हुते व्हय?" पण पायाचा प्रश्न होता. तिनं ऐकलं. आणि आमच्या चाळीनं जे कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. "अवो, दमला असाल, बसा जरा." "अवो, भाकरीवर तूप घालू का?" आवाज असा मऊ की मिरचीच्या ढिगावर कुणी साय पसरावी. बशीत बडीशेप. आप्पा बशीकडं बघायचे, तिच्याकडं बघायचे, आणि घास गिळायचे नाहीत.

चारदोन दिवसांनी ते माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं. गाव दौंडकडचं म्हणून सगळे मला दौंडकरच म्हणायचे. "दौंडकर, खरं सांगा. डागदर माझ्या माघारी काय म्हनला?"

"काही नाही आप्पा. पाय सुधारतोय म्हणाला."

"मंग ही ग्वाड का बोलती? माझा बाप जायच्या आधी माझी आई आशीच बोलत हुती त्याच्याशी. माझं आटपलंय दौंडकर. तुमी समदी मिळून लपवताय." त्या धास्तीनं गड्यानं गल्लीच्या टोकाला बसून एका बैठकीत अख्खं बंडल संपवलं होतं. सुटत आलेली बिडी बायकोच्या प्रेमानं परत लागली होती.

मी जाऊन मावशीला सांगितलं. तिनं बशी उचलली आणि आप्पांच्या दिशेनं अशी भिरकावली की बडीशेप मला दोन दिवस अंथरुणात सापडत होती. "मरायचं डोहाळं लागलं व्हय तुमास्नी! मी जित्ती असताना कोन मारतंय बगू तुमाला!" आप्पांचा चेहरा एकदम खुलला. आपण मरत नाही, ही खात्री त्यांना पटली. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या, आणि सकाळी आपण होऊन म्हणाले, "सोडतो आता. तुझी आन." त्यांनी शब्द पाळला. पाय टेकवता येऊ लागल्यावर ते गुऱ्हाळावर रुजू झाले, तेही बिडीशिवाय.

आणि तिथं घात झाला. पुढच्या सुट्टीला गावी जाताना मी गुऱ्हाळावर थांबलो, तर आप्पा उसाच्या चिपाडाच्या ढिगाला टेकून बसले होते. कानात न पेटवलेली बिडी. समोर काळाकुट्ट, करपलेला गूळ थापून ठेवला होता. असा गूळ त्यांच्या हातून कधी निघाला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "घड्याळ गेलं माझं." मला वाटलं चोरीला गेलं. पण तसं नव्हतं. काहिलीतला फेस खाली बसला की आप्पा एक बिडी पेटवायचे. ती संपली की तिच्यावर दुसरी. दुसरी संपली की पाक तपासायचा. इतकी वर्षं त्यांनी असाच गूळ उतरवला होता. बिडी नाही तर वेळ कळेना. मालकानं मोबाइलवर गजर लावून दिला. तो लवकर तरी वाजायचा नाहीतर उशिरा. "वारं सुटलं की जाळ भडकतो, तशी बिडी बी भराभर जळती," आप्पा म्हणाले. "मोबाइलला वारं कुठं लागतंय? मालक म्हनतो, बिडी वडा, न्हाईतर दुसरा गडी बघतो. आता पाय ऱ्हातो का गूळ ऱ्हातो, बघायचं."

मी गावी न जाता तसाच उलटा फिरलो. मावशीनं ऐकून घेतलं. मिरचीचा ऐन हंगाम, अंगणात गिऱ्हाइकांच्या पोत्यांची रांग. तिनं बटण बंद केलं, कांडपाला कुलूप घातलं, बोंबलणाऱ्या बायकांना "दुसरीकडं मरा" म्हणाली आणि माझ्या गाडीवर मागं बसली. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत आडवा आलेला प्रत्येक उसाचा ट्रॅक्टर तिच्या शिव्या खाऊन बाजूला झाला.

गुऱ्हाळावर नवी काहील चढली होती. फेस नुकता खाली बसत होता. मावशी तरातरा गेली, आप्पांच्या कानातली बिडी उपटली, चुलवाणात फेकली आणि तिथंच कमरेवर हात ठेवून सुरू झाली. "मुडदा बशिवला तुमचा!" इथून जी निघाली ती सासूवर गेली, सासऱ्यावर गेली, गुऱ्हाळाच्या मालकावर, त्याच्या मोबाइलवर, बिडी वळणाऱ्यांवर, विकणाऱ्यांवर, मग तुटलेल्या करंगळीवर आली आणि तिथं दम लागून थांबली. गडी माना खाली घालून काम करत होते. आप्पा काहिलीकडं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "आजून एक."

"काय आजून एक?"

"आजून एकदा दे शिव्या. एक बिडी झाली. दोन लागत्यात."

चेष्टा समजून तिनं हात उचलला. "खरंच सांगतो," आप्पा म्हणाले. "तुझं पह्यल्यापास्नं करंगळीपत्तुर बराबर एका बिडीएवढं हुतंय. चल, पाक पुढं चाललाय."

आणि दणकामावशीची बोबडी वळली. तोंड उघडलं, मिटलं. "आसं... आसं मागून कुठं शिवी येती व्हय?" ती चक्क लाजली. सगळे गडी थांबून तिच्याकडं बघत होते. काहील उकळत होती. आप्पांनी एकदा रसाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. "माझी आई म्हनायची," ते म्हणाले, "तुझ्या म्हायारच्यांना साधी कटाची आमटी करता येत न्हाई."

दुसरी बिडी भडकली. चौफुल्याच्या रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून ऐकायला लागली. ती करंगळीवर पोहोचली, आप्पांनी वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकला, बोटानं वळून बघितला आणि हात वर केला. काहील उतरली. गूळ असा पिवळाधमक निघाला की मालकानं मावशीला स्वतःची खुर्ची आणून दिली.

तो सगळा हंगाम ती तिथं राहिली. कांडप बंद, गिऱ्हाईक तुटलं, पण ती हलली नाही. प्रत्येक काहिलीला दोन फेरे. क्रम ठरलेला, मंगलाष्टकासारखा; मधेच कुणी बोललं तर त्याला एक फटका आणि परत पहिल्यापासून सुरुवात. वारं सुटलं आणि जाळ भडकला की तिला धग लागायची, पारा चढायचा आणि शिव्या आपोआप भराभर पडायच्या. आप्पा म्हणायचे, "हे माझ्या बिडीपरीस गुनाचं हाय." मधल्या वेळात तलफ आली की ते नुसते तिच्याकडं बघायचे. ती त्यांच्या पाठीत एक दणका घालायची आणि तलफ जायची.

हंगाम संपता संपता जखम भरली. शिरूरच्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, ऊब लागली. म्हणाले, आता काढायची गरज नाही. मावशी आनंदानं रडेल असं मला वाटलं होतं. ती डॉक्टरांवर तुटून पडली. "मंग आधी कशाला भ्या दावलं? माझं कांडप बुडवलं, बया!" त्या मॅडमनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, साथ दिली ना?" मावशी म्हणाली, "दिली तर. घसा बसला माझा."

पुढं माझं लग्न झालं, मी शिरूरला राहायला गेलो. येणंजाणं कमी झालं. दणकामावशी गेली ती गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, कांडपापाशी उभी असतानाच. छातीत कळ आली म्हणाली आणि मिरचीच्या पोत्यावर बसली. गुड्डूनं रिक्षा आणली, पण शिरूरच्या दवाखान्यात पोहोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. मला खरंच वाटेना. त्या बाईला हात लावायची मरणाची हिंमत झाली कशी, असा मला राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

स्मशानात गर्दी होती. लोक मावशीबद्दल कमी आणि आप्पांबद्दल जास्त बोलत होते. आता कोण धरणार यांना? उजाडायच्या आत बिडी पेटवतोय बघ. मग तो पाय गेलाच समजा. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. ज्या पायासाठी ती बाई एवढी भांडली, तो आता राखणार कोण?

चिता पेटली. आप्पा बाजूच्या दगडावर बसले.  मावशीचा धाकटा भाऊ कवठे येमाईहून आला होता. तो त्यांच्याशेजारी जाऊन बसला. आपल्याकडं मौतीला पुरुषमाणसं दुःख असंच हलकं करतात. त्यानं खिशातून बंडल काढलं, एक बिडी स्वतःच्या ओठात धरून पेटवली आणि ती पेटलेली बिडी आप्पांच्या पुढं केली. "घ्या दाजी. जीव हलका हुतोय. आता कोन बोलनार हाय तुमास्नी?"

आप्पा त्या बिडीकडं बघत राहिले. धूर त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांचा हात हळूहळू वर आला, आणि मी मान फिरवली.

फाडदिशी आवाज आला. सगळं स्मशान वळून बघायला लागलं. पाहुणा दगडावरून खाली मातीत पडला होता, बिडी लांब उडाली होती, आणि आप्पा उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा उचललेला हात अजून तसाच वर होता.

"तिच्या म्होरं?" आप्पा ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ती आजून हितंच हाय. तिच्या म्होरं बिडी देतो मला?"

चारजण मधे पडायला धावले. पाहुणा रागावेल, उठून हमरीतुमरीवर येईल असं वाटलं. पण तो गालावर हात धरून तसाच मातीत बसून राहिला. दुपारपासून त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडायला लागला.

"आक्काचाच हात हाय, दाजी," तो म्हणाला. "आक्काचाच हात."

आप्पा खाली बसले. त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या गालाला लागलेली माती धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. आग खाली बसेपर्यंत तिथं कुणीही बिडी पेटवली नाही.